मुलगा भराभर वाचतो पण ‘अळवावरचं पाणी’ आलं की अडतो, त्याला कसं शिकवायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगा आठवीत आहे, इंग्रजी मीडियमला, घरी मराठीच बोलतो, गोष्टीची पुस्तकं दोन दिवसात संपवतो, पण धड्यात किंवा कवितेत जरा वळणाचं वाक्य आलं की एकतर शब्दशः अर्थ घेतो नाहीतर ते वाक्य सोडून पुढे जातो. तुम्ही वाक्प्रचारांचं पुस्तक आणून दिलंत, अलंकारांचा तक्ता पाठ करून घेतलात, तरी फरक नाही. मी बावीस वर्षं सहावी ते दहावीला मराठी शिकवतेय आणि दरवर्षी वर्गात अशी निम्मी मुलं असतात, हुशार मुलं सुद्धा, त्यामुळे आधी हे सांगते की यात काळजीचं फारसं काही नाही. रंग, आकार, वेग यावरची उपमा मुलांना लहानपणीच कळते, चंद्र भाकरीसारखा गोल हे पहिलीतलं पोर पण सांगतं. पण मनाच्या अवस्थेसाठी एखादी वस्तू वापरलेली असली, की ‘त्याच्या बोलण्याला धार होती’ किंवा ‘ती आतून विझली’, तर ते कळायला उशीर लागतो, आणि नेमकं अकरा ते चौदा या वयात ते पक्कं होत जातं. म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारताय.

पहिली गोष्ट, तो अलंकारांचा तक्ता काही महिने बाजूला ठेवा. उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते), उपमान (ज्याची उपमा दिली ते), साधर्म्यसूचक शब्द हे सगळं परीक्षेला लागतं, मी पण शिकवते, पण ती अर्थ कळल्यानंतरची पायरी आहे. आधी शिकवलं की मुलं शब्द शोधायला लागतात आणि वाक्य वाचणंच बंद करतात. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा. एका मुलीने मला पेपरात ‘पाऊस सारखा पडत होता’ या वाक्याला उपमा लिहून दिलं होतं, आणि कारण म्हणून ‘सारखा’ या शब्दाखाली रेघ मारली होती. तिला ते वाक्य घरी कुणी म्हटलं असतं तर क्षणात कळलं असतं की सारखा म्हणजे सतत. कागदावर आल्यावर मात्र तिचे कान बंद झाले. तेव्हापासून मी क्रम उलटा केला, आधी चार-पाच महिने फक्त अर्थ, आणि नावं नंतर. आणि नावं मग पटकन शिकतात, एक आठवडा पुरतो.

आता मुलगा नेमका कुठे अडतोय ते बघा, कारण अडण्याच्या दोन जागा असतात आणि दोन्हीचा उपाय वेगळा आहे. एक म्हणजे ज्या वस्तूची उपमा दिलीये ती वस्तूच त्याने पाहिलेली नाही. दुसरी म्हणजे वस्तू माहितीये पण तिथून पलीकडे उडी मारता येत नाही. पहिली जागा आपण मोठी माणसं फार विसरतो. ‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण मी एकदा सातवीच्या वर्गात विचारली तर एक मुलगा खूप विचार करून म्हणाला की मॅडम, घरात काही वाईट झालं की घरभर वास सुटतात. फ्लॅटमध्ये जन्मलेल्या मुलाने छपराचा वासा कुठे बघायचा? त्याच्याजवळ जो जवळचा शब्द होता तो त्याने लावला, म्हणजे डोकं चाललं होतं त्याचं. त्याला मी गावच्या कौलारू घराचा फोटो दाखवला, आढं कुठलं, वासे कसे त्या आढ्यापासून भिंतीवर उतरतात, आणि विचारलं की आख्खं घरच फिरलं तर हे वासे जागेवर राहतील का. मग पुढचं मला सांगावंच लागलं नाही. मराठी वाक्प्रचारांचं अर्धं सामान शेतातलं, स्वैपाकघरातलं, तालमीतलं आणि लढाईतलं आहे. चारी मुंड्या चीत होणं कुस्ती बघितल्याशिवाय कळणार नाही, अटकेपार झेंडा लावणं कळायला 1758 साली मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या होत्या हे नकाशावर बोट ठेवून दाखवावं लागतं, नाहीतर मुलांना अटक म्हणजे पोलिसांची अटक वाटते. आणि वाटणारच.

म्हणून शक्य असेल तिथे वस्तू हातात द्या. ‘अळवावरचं पाणी’ हे तर दहा रुपयांचं काम आहे, मंडईत अळूवडीची पानं मिळतात ती एक जुडी आणा. मी वर्गात दर दोघांत एक पान देते, चमच्याने पाणी टाकायला सांगते आणि म्हणते अर्थ सांगू नका, नुसतं काय दिसतं ते सांगा. पाणी पसरत नाही. गोळा होतं. मोत्यासारखं चमकतं. पान जरा हललं की पळतं. आणि एक मुलगी पान पालथं करून म्हणाली, ‘मॅडम, एवढं पाणी होतं पण पान कोरडंच आहे.’ पुस्तकात अर्थ दिलेला असतो ‘क्षणभंगुर’, बास. आणि या पोरीने त्यापेक्षा खोल काहीतरी पाहिलं होतं, की पाणी होतं तोवर सुद्धा पानाला लागलं नव्हतं. नंतर तिने एका धड्यातल्या माणसाबद्दल लिहिलं की त्याची मैत्री अळवावरचं पाणी होती, जवळ असताना पण भिजवलं नाही. हे मी शिकवलं नव्हतं, ते पानाने शिकवलं.

दुसरी जागा म्हणजे उडी. तिथे मी मुलांना तीन प्रश्न देते, आणि हे प्रश्न माझे नाहीत, काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाश’मध्ये लक्षणेचं, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घेण्याचं, जे सूत्र मांडलं ते मी मुलांच्या भाषेत करून घेतलंय. तो म्हणतो आधी सरळ अर्थाला अडथळा आला पाहिजे, मग नव्या अर्थाचा जुन्याशी काहीतरी संबंध पाहिजे, आणि तिसरं म्हणजे असं बोलायला एकतर रूढी पाहिजे किंवा काहीतरी हेतू. जुनं उदाहरण आहे ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’. नदीच्या पाण्यावर वस्ती कशी असेल, म्हणजे अडथळा. काठ पाण्याला लागून असतो, म्हणजे संबंध, म्हणून काठावर वस्ती. पण मग सरळ ‘काठावर’ का नाही म्हटलं? कारण ‘गंगेवर’ म्हटलं की गारवा आणि पावित्र्य पण त्या वस्तीला चिकटतं, ‘काठावर’मध्ये ते तेवढं येत नाही. माझ्या वर्गातले तीन प्रश्न असे: शब्दशः घेतलं तर कुठे अडतंय? या दोन गोष्टींत काय जुळतंय? आणि सरळ का नाही सांगितलं?

पहिले दोन प्रश्न बरेच शिक्षक घेतात, घरी पालक पण घेतात. तिसरा जवळजवळ कुणीच विचारत नाही आणि माझ्या मते सगळं शिकणं तिथेच आहे. कारण तिसरा प्रश्न विचारला नाही तर मुलाला असं वाटत राहतं की लेखकाने एक साधी गोष्ट उगाच अवघड करून लिहिली आणि आपलं काम ती परत साधी करण्याचं आहे, कोडं सोडवून उत्तर लिहायचं. मग तो वैतागतो, आणि त्याचा वैताग बरोबर असतो.

तिसऱ्या प्रश्नासाठी मला पानिपतच्या पत्रासारखं दुसरं उदाहरण मिळालेलं नाही. 14 जानेवारी 1761 ला लढाई झाली, आणि उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत एका सावकाराचं पत्र लागलं असं सांगतात. त्यात लढाईचा शब्द नाही. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा मजकूर, शब्द थोडे इकडचे तिकडे सापडतात. मी हे फळ्यावर लिहिते आणि काहीच न सांगता विचारते, हे कशाबद्दल आहे? मुलं म्हणतात चोरी झाली, धंद्यात नुकसान झालं. मग मी तारीख लिहिते. वर्गात शांतता होते खरंच. कुणीतरी हळूच म्हणतं, मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मग मोहरा म्हणजे सरदार. मग खुर्दा म्हणजे कोण हे विचारलं की बोलायला कुणी लगेच तयार होत नाही, कारण चिल्लर म्हणजे ती हजारो साधी माणसं जी कुणी मोजली पण नाहीत. आता तिसरा प्रश्न, सरळ का नाही लिहिलं? पत्र वाटेत कुणाच्या हाती लागलं तर कळू नये म्हणून, हे पहिलं उत्तर येतं आणि ते बरोबर आहे. एका वर्षी एक मुलगा म्हणाला की सरळ लिहायला हात झाला नसेल. आणि एका मुलीने विचारलं की मॅडम, सैनिकांना चिल्लर का म्हटलं? मी तिला उत्तर दिलं नाही, म्हटलं हाच विचार कर, कोण कुणाला कुठल्या नाण्यात मोजतं ते बघ. त्या दिवशी तास संपल्यावर पण पोरं बोलत होती. तुमच्या मुलाला हे पत्र नक्की द्या, आठवीच्या मुलाला इतिहास थोडा माहिती असतोच.

एक मात्र लक्षात ठेवा, मम्मटानेच रूढी पण म्हटलंय. काही वाक्प्रचार इतके घासून गेलेत की तिथे तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसतं, ‘कानाडोळा करणे’मध्ये कान कशाला आणि डोळा कशाला यावर अर्धा तास घालवू नका, तो शब्द म्हणून शिकायचा आणि पुढे जायचं. सगळंच उकलायला गेलं की मूल थकतं.

वहीत मी एक सोपी गोष्ट करून घेते. पानाच्या मध्ये उभी रेघ, एका बाजूला ‘आलं’, दुसऱ्या बाजूला ‘राहिलं’. म्हणजे उपमा दिली तेव्हा त्या वस्तूतलं काय काय इकडे आलं आणि काय तिकडेच राहिलं. ‘काका फणसासारखे आहेत’ घ्या. सगळे लिहितात बाहेरून काटेरी, आतून गोड, हे आलं. राहिलं मध्ये लिहितात की काका झाडाला लटकत नाहीत, हसतात पोरं, हसू द्या, ते हसणं पण समजणंच आहे कारण उपमेची हद्द कुठे संपते हे त्यांना दिसतंय. पण आमच्याकडे एक कोकणातला मुलगा होता, वडिलांची बदली झाल्यामुळे आलेला, तो म्हणाला की मॅडम फणस कापताना हाताला आणि सुरीला तेल लावावं लागतं नाहीतर चीक चिकटतो, तर काकांकडे जायच्या आधी पण तसंच, आधी थोडं गोडीत बोलून घ्यावं लागतं. बघा, शंभर वेळा वापरलेली उपमा, आणि ज्याने फणस खरंच कापलाय त्याच्या हातात ती परत ताजी झाली. म्हणून मुलाला विचारा, अजून काय आलं असेल? पहिलं उत्तर गाईडमधलं असतं, दुसरं-तिसरं त्याचं स्वतःचं असतं.

सुरुवात मात्र कवितेपासून करू नका. त्याच्याच तोंडच्या भाषेपासून करा. तो म्हणत असेलच की नेट झोपलंय, फोन मेला, गणिताने डोक्याची मंडई केली, पेपर लोण्यासारखा गेला, त्या बॉलरची पिसं काढली. एक दिवस नुसतं ऐका आणि त्याच्यासमोर लिहून काढा, मग त्याला दाखवा की हे सगळं तू बोलतोस, यातलं एक तरी शब्दशः खरं आहे का? नेट कुठे झोपतं? मुलं चकित होतात. जी गोष्ट आपल्याला येत नाही असं वाटत होतं ती आपण दिवसभर करतो हे कळलं की अर्धी भीती जाते. त्यानंतर पेपर. मराठी वर्तमानपत्रांचे मथळे म्हणजे या कामासाठी सोन्याची खाण आहे. पावसाने दडी मारली, पारा घसरला, बाजार गडगडला, चेंडूला सीमारेषेबाहेरचा रस्ता दाखवला. आणि ‘कांद्याने डोळ्यांत पाणी आणलं’ हा मथळा मिळाला तर कापूनच ठेवा, कारण त्यात कांदा चिरताना येणारं पाणी आणि भाव बघून येणारं पाणी अशी दोन्ही आहेत, आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते भाव पडल्यामुळे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत आलं असेल तर भाव चढल्यामुळे. बातमी वाचल्याशिवाय कळणार नाही कुणाचं पाणी. संदर्भ बघायची सवय अशी लागते.

आजी-आजोबा घरात किंवा फोनवर असतील तर त्यांना कोडी विचारायला सांगा. आपल्याकडची जुनी कोडी म्हणजे रूपकच, फक्त उपमेय लपवलेलं. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’, दात आणि जीभ. उत्तर कळल्यावर थांबू नका, विचारा की जिभेला नागीणच का म्हटलं, मासोळी का नाही म्हटलं? मासोळी पण वळवळते. मग मूल म्हणतं, नागीण डसते, जीभ पण डसते. तिसरा प्रश्न झाला की नाही खेळता खेळता! आणि मग त्यालाच कोडं करायला सांगा, घरातल्या कुठल्याही वस्तूवर, फ्रीज, चार्जर, लिफ्ट.

एक गोष्ट कागदावर खरंच अवघड जाते आणि ती म्हणजे उलटं बोलणं. ‘वा, काय दिवे लावलेस!’ हे आई म्हणाली तर कळतं कारण आईचा चेहरा समोर असतो. पुस्तकात चेहरा नाही, आवाज नाही, आणि मुलगा समजतो की पात्राने दुसऱ्याचं कौतुक केलं, आणि मग पुढची दोन पानं त्याला कळत नाहीत, ते भांडण कशावरून झालं तेच समजत नाही. याला एकच उपाय मला माहितीये, मोठ्याने वाचणं. तेच वाक्य दोन तऱ्हांनी वाचून बघायचं, एकदा खरं कौतुक म्हणून, एकदा टोमणा म्हणून, आणि मागचं-पुढचं बघून ठरवायचं कुठलं बसतं. आठवीतल्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवायला लाज वाटते, तर तुम्ही वाचा, तो ऐकू दे, मोठ्या मुलांना वाचून दाखवणं आपण फार लवकर बंद करतो असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी मीडियमच्या मुलांचा अजून एक मुद्दा. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्याच शाळांमध्ये मराठी सक्तीचं झालं, चांगलंच झालं, पण या मुलांच्या डोक्यात उपमांची दोन गाठोडी असतात आणि ती एकमेकांत मिसळतात. इंग्रजी गोष्टींतलं घुबड शहाणं असतं, चष्मा लावून बसलेलं असतं, मराठी गोष्टीत घुबड ओरडलं की काहीतरी अशुभ होणार असतं, आणि तेच घुबड लक्ष्मीचं वाहन पण आहे. एका मुलाने धड्यातल्या घुबडाच्या उल्लेखावरून पात्र विद्वान आहे असं लिहिलं होतं. मी मार्क कापले नाहीत, बोलावून विचारलं की हे तुला कुठून आलं, आणि मग आम्ही दोन रकाने केले. चूक म्हणून खोडण्यापेक्षा असं विचारलेलं बरं, कारण त्याच्याकडे दोन भाषांची जाण आहे, फक्त कुठली कुठे वापरायची एवढंच सांगायचंय.

घरी रोज शिकवणी घेऊ नका ताई. आठवड्यातनं तीन-चार दिवस, दहा मिनिटं, तो जे वाचतोय त्याच पुस्तकातलं एक वाक्य, एकच. निवडू पण त्यालाच दे, ‘आज कुठलं वाक्य विचित्र वाटलं?’ एवढंच विचारा. चुकीचा अर्थ सांगितला तर लगेच दुरुस्त न करता म्हणा की बरं, तो अर्थ लावून पुढचा परिच्छेद वाच, बसतोय का बघ. नाही बसला की तो स्वतःच मागे येतो, आणि असा मागे आलेला मुलगा पुढच्या वेळी वाक्य गाळत नाही. माझ्या अनुभवात साधारण एका सत्रात फरक दिसतो, काहींना वर्ष लागतं. आणि एक, जर रोजच्या बोलण्यातली थट्टा, विनोद, चिडवणं हेसुद्धा त्याला कधीच कळत नसेल, मित्रांचं बोलणं तो नेहमीच शब्दशः घेऊन दुखावला जात असेल, तर मात्र शाळेच्या समुपदेशकांशी किंवा स्पीच थेरपिस्टशी एकदा बोला, काही मुलांचा मेंदू भाषा वेगळ्या रीतीने घेतो आणि त्यांना जास्त उघड करून, पायरी पायरीने सांगावं लागतं, येतं त्यांनाही. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही, तो फक्त पुस्तकात अडतोय.

शेवटी शेवटी त्याला लिहायला लावा. ‘आमच्या घराचं ____ म्हणजे ____’ एवढं वाक्य द्या आणि अट एकच, आधी कुठे वाचलेली उपमा चालणार नाही. पहिल्या चार-पाच वेळा सिंह, चंद्र, फूल येईल, येऊ दे. माझ्याकडे मागच्या वर्षी एक मुलगा होता, सप्टेंबरपर्यंत प्रत्येक कवितेखाली ‘अर्थ कळला नाही’ असं प्रामाणिकपणे लिहायचा. जानेवारीत त्याने लिहून आणलं: ‘आमच्या घराचं दार म्हणजे आजीचा कान, बाबांची बाइक गल्लीत वळली की आधी त्याला कळतं.’ मी विचारलं, सरळ का नाही लिहिलंस की आजी बाबांची वाट बघते? तो म्हणाला, ‘तसं लिहिलं तर ती नुसती बसलेली वाटते मॅडम.’